भोंग्याच्या खोलीतून

प्रिय ताई,

तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर हे पाकीट कोणी ठेवलं ते विचारत बसू नकोस, मीच ठेवलंय. आणि तू कुठलीही गोष्ट शेवटाकडून वाचतेस हे माहीत असल्यामुळे आधीच सांगून टाकतो: घरी सगळे धडधाकट आहेत. तुझा भोंग्या माझ्यापासून हातभर अंतरावर पलंगावर बसलाय, दुपारी पुन्हा वाढून घेऊन जेवलाय आणि आत्ता पायाच्या अंगठ्याने चादर ओढत बसलाय. पत्र त्याच्याबद्दल आहे. थोडं माझ्याबद्दल, थोडं आमच्या पोरीबद्दल, मिरचीबद्दलही येईल, कारण मला सरळ रेषेत काही सांगता येत नाही, पण काळजी त्याची आहे. शेवटचा शिकाऊ गाडीतून उतरला की मग वाच. मधेच वाचून कुणाला चढावर गाडी थांबवायला शिकवू नकोस.

एकाच छपराखाली राहून पत्र लिहितोय म्हणजे तुझ्या भावाचा एखादा स्क्रू ढिला झालाय, असं तू म्हणशील. म्हण. मी आल्यापासून तू ते वेगवेगळ्या शब्दांत म्हणतेच आहेस. पण तुझ्यासमोर बोलायला बसलो की माझ्या तोंडून थट्टाच बाहेर पडते, तू हसतेस, मग मला चेव येतो आणि मूळ गोष्ट तशीच राहते. आल्या आल्या सकाळच्या चहाला मी सुरुवात केली होती. तू कप विसळत होतीस, मी तुझ्या पाठीकडे बघून म्हणालो की ताई, जरा बोलायचंय, आणि तू न वळताच विचारलंस की बायकोशी भांडलास का. मी हो म्हणून टाकलं. नाही भांडलोय. तुझी भावजय मजेत आहे, मी घरात नाही म्हणून जरा जास्तच मजेत असेल.

मी तुला किती पिडलंय ते मला कळतं. न सांगता येऊन थडकलो. तू बाहेरच्या खोलीत छान गादी घातलीस, तर मी कंबर दुखते म्हणून भोंग्याच्या खोलीत जमिनीवर पथारी पसरली. कंबर दुखत असताना जमिनीवर कोण झोपतं, असं तू विचारलंस आणि मी डॉक्टरांवर ढकलून मोकळा झालो. मग त्याच्या दाराची आतली कडी सैल झालीय म्हणून ती काढून टाकली. स्क्रू अजून माझ्या खिशात आहेत. तो अंघोळीला गेला की मी बाहेर उभा राहून उगाच हाका मारतो, गरम पाणी पुरलं का, टॉवेल घेतलास का. तो कोपऱ्यावरच्या दुकानात वही आणायला निघाला की मलाही नेमका साबण हवा असतो. तुझ्याकडे आता वर्षभर पुरतील इतक्या साबणाच्या वड्या झाल्यात. आधी तू हसलीस, मग भुवया उंचावल्यास, आणि काल जेवताना तुझा संयम सुटला.

तू जे बोललीस त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. पोराच्या मागे सावलीसारखा का फिरतोयस, त्याचा फोन वाजला की तुझी मान का लांब होते, माझ्या मुलावर संशय घेणारा तू कोण. स्वतःच्या पोरीला कोंडून ठेवलंस, अकरा वर्षांची झाली तरी तिला साधा फोन दिला नाहीस, बिचारीला शाळेचा अभ्याससुद्धा बापाच्या डोळ्यांदेखत करावा लागतो, आणि आता तोच कारभार माझ्या घरी करायला आलास. मी रोज अनोळखी पोरापोरींच्या हातात स्टिअरिंग देते, असं तू म्हणालीस. घाबरून गाडी झाकून ठेवली असती तर या गावात कुणालाच गाडी आली नसती. भोंग्याला दहाव्या वर्षी फोन दिला, काय बिघडलं त्याचं? मार्क बरे आहेत, उलटून बोलत नाही, बाहेर उनाडक्या नाहीत, संध्याकाळी आपला आपल्या खोलीत असतो. हे शेवटचं तू इतक्या समाधानाने म्हणालीस की मी हातातला घास परत ताटात ठेवला. भोंग्या मान खाली घालून ताटात बोटाने रेघा मारत होता. मी पान अर्धं टाकून उठलो. तुला वाटलं मी रागावलो.

रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. भित्रा मी पहिल्यापासूनच. उगाच का तू माझं नाव ससुल्या ठेवलंस. शाळेत जाताना कुत्रं दिसलं की मी तुझ्या दप्तराचा पट्टा धरायचो आणि तू मला कुत्र्याच्या बाजूने न चालवता दुसऱ्या बाजूने चालवायचीस, वर कुत्र्यालाच दटावायचीस. मी सायकल शिकायला नाही म्हणालो तेव्हा तू मालवाहू टेम्पो चालवायला शिकलीस आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. तुझं हे धाडस मला फार आवडतं, ताई, त्याच्या आधारावरच मी मोठा झालो. पण काल तुला जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला आज सकाळी दात घासताना सुचलं, नेहमीसारखं उशिरा. तू शिकाऊंच्या हातात स्टिअरिंग देतेस खरं, पण तू स्वतः शेजारच्या सीटवर असतेस, तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आणि तुझे डोळे समोरच्या रस्त्यावर असतात. तू गाडी देऊन घरी भाजी चिरायला जात नाहीस.

हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. मला तरी शेजारी बसता कुठे येतं? माझी पद्धत म्हणजे गाडीचं चाक काढून ठेवायचं. आमच्याकडे इंटरनेटचा डबा मी कपाटात ठेवलाय, कुलपात, आणि किल्ली माझ्या गळ्यात. मिरची शाळेचा अभ्यास करायला बसली की तेवढ्यापुरता तो बाहेर काढतो आणि मागून येरझाऱ्या घालतो, कधी पडदा नीट करतो, कधी भिंतीवरची न दिसणारी धूळ पुसतो. ती मला पहारेकरी म्हणते. तुझी भावजय म्हणते, पहारेकरी निदान रात्री पाळी बदलतो. मैत्रिणींच्या गप्पा आता सगळ्या फोनवरच चालतात, त्यामुळे वर्गात हिला अर्ध्या गोष्टी कळतच नाहीत, आणि ती चिडून घरी येते तेव्हा मला वाईट वाटतं, पण किल्ली काही मी गळ्यातून काढत नाही.

गेल्या महिन्यात एकदा मी तिच्या मागे असाच घुटमळत होतो. तिने मान वळवली, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि बाजूची खुर्ची पायाने पुढे ढकलली. पडद्यावर काय असावं? एक माणूस चिखलाने माखलेला गालिचा धूत होता. बोलणं नाही, गोष्ट नाही, नुसता पाण्याचा पाइप, फेस आणि हळूहळू दिसायला लागलेली नक्षी. मी बसलो. आधी विचारणार होतो की हे कोण, कुठला, तुला कुठे सापडला. मग मलाच बघावंसं वाटायला लागलं. गालिचा निळा निघाला. आम्ही दोघंही एकदम हसलो. ताई, किती दिवसांनी पोरगी माझ्या खांद्याला टेकून बसली होती. पण मला चैन कुठलं? गालिचा संपल्यावर खाली आणखी कसली कसली चित्रं आली, मी लगेच हात लांब करून लॅपटॉप मिटला, आणि ती उठून गेली.

भोंग्या आत्ता उठला. पाणी प्यायला गेला. आला. तोवर मी एक शब्द लिहिला नाही, कान दाराकडे. तुला आठवतं ना याचं हे नाव कसं पडलं? जन्मल्यावर याने असा सूर लावला होता की दवाखान्यातल्या नर्सने कारखाना सुटला का म्हणून विचारलं. भूक लागली की भोंगा, झोप आली की भोंगा. तुम्ही नवीन घर घेतलंत, त्याची शाळा बदलली, भाऊजी कामासाठी महिना महिना बाहेर राहायला लागले, आणि या सगळ्यात कधीतरी भोंगा बंद झाला. आपल्याला वाटलं पोरगा शहाणा झाला. मी पण फोनवर तुला तसंच म्हणालो होतो.

आता मी काय काम करतो ते सांगतो. तुम्हा सगळ्यांना मी एका कंपनीच्या तक्रार विभागात आहे असं सांगितलंय. ते अगदीच खोटं नाही. लोक, आणि त्यातही मुलं, फोनवरून जे जे जगाला दाखवतात, त्यातलं जे वाईट असण्याचा संशय आहे ते आमच्याकडे येतं. मोठं दालन आहे, ओळीने टेबलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. आत जाताना फोन कपाटात ठेवायचा, कागद-पेनसुद्धा न्यायचं नाही, आणि बाहेर कुणाला काही सांगायचं नाही अशी सही दिलेली. एकामागून एक व्हिडिओ समोर येतात आणि आपण ठरवायचं: ठेवा, काढा, किंवा वरच्या लोकांकडे पाठवा. जेवढा वेळ तुला गिअर बदलायला लागतो तेवढाच आम्हाला ठरवायला मिळतो. काय काय बघतो ते तुला लिहिणार नाही. ते बघून घरी आल्यावर मी इंटरनेटचा डबा कुलपात का ठेवतो, एवढं तुला कळलं तरी पुरे.

आम्ही वेडे होऊ नये म्हणून तिथे काही सोयी केल्यात. एक खोली आहे, त्यात झाडं ठेवलीत आणि एक समुपदेशक बाई बसतात, त्या विचारतात झोप लागते का, आणि आम्ही सगळे लागते म्हणतो. दुसरी सोय म्हणजे पडद्यावरचे रंग काढून टाकायचे. सगळं काळं-पांढरं दिसलं की मनाला कमी लागतं म्हणे, आणि ते खरंही आहे. आवाजही बंद ठेवायचा, चित्रावरून निर्णय होत नसेल तरच चालू करायचा. आणखी एक, प्रत्येकाला आपापल्या भाषेचं काम. आपली भाषा जाणणारे तिथे आम्ही मोजकेच आहोत. त्यामुळे आपल्या लोकांच्या घरांतलं जे काही येतं ते फिरून फिरून आमच्याच टेबलांवर येतं. नोकरी लागली तेव्हा मला याचं बरं वाटलं होतं, आपली भाषा कानावर पडेल म्हणून.

ताई, पत्र खाली ठेवू नकोस. मागच्या महिन्यात माझ्यासमोर एक मुलगा आला. डोक्यावर जॅकेटची टोपी ओढलेली, चेहरा अर्धा अंधारात, मागे भिंत. तो नुसता बसला होता आणि पडद्याच्या कडेला बाकीच्यांचे शब्द भराभर वर सरकत होते, आकडे मोजल्यासारखे. मी ओझरतं बघितलं. नियमाबाहेर काही दिसलं नाही. पोरांचा कसलातरी शांत बसायचा खेळ असेल, असं म्हणून मी ‘ठेवा’ दाबलं आणि पुढच्याकडे वळलो. मागची भिंत राखाडी होती. माझ्या पडद्यावर सगळ्याच भिंती राखाडी असतात. ही भिंत लिंबासारखी पिवळी आहे आणि ती दोन उन्हाळ्यांपूर्वी मी आणि भोंग्याने मिळून रंगवलीय, हे मला कसं कळावं? दिव्याच्या बटणांच्या वर जिथे आमचा रंगाचा रोलर पोचला नव्हता तो तिरका तुकडासुद्धा त्यात दिसत होता. मी या क्षणी त्याच्याकडेच बघतोय. ताई, मी भोंग्याला बघून पुढे गेलो. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे.

गेल्या गुरुवारी तोच मुलगा पुन्हा आला. तीच टोपी, तीच भिंत. या वेळी खेळ काय आहे ते कळलं. श्वास कोंडायचा खेळ आहे. कसा, ते मी लिहिणार नाही, तुला ते माहीत असायची गरज नाही. पोरांचा एक गट आहे, कुणी कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही, एकाने केलं की दुसऱ्याने त्याच्यापेक्षा जास्त वेळ करायचं, बाकीच्यांनी मोजायचं. असे खेळ मी याआधीही बघितलेत आणि त्यातली काही पोरं पुन्हा उठलेली नाहीत. तो भोंग्या आहे हे मला अजूनही कळलं नव्हतं. माझं बोट बटणावर गेलं होतं, पण वरच्यांना पाठवायचं तर आजूबाजूला कुणी मोठं माणूस आहे का तेही कळवावं लागतं, म्हणून मी आवाज चालू केला. पोरं मोजत होती. हसत होती. आणि त्या मोजण्याच्या मागून, बंद दाराच्या पलीकडून, तुझा आवाज आला. तू त्याला जेवायला हाक मारलीस. पानं घेतलीत, भोंग्या, चल लवकर, गार होतंय. अगदी तुझ्या त्या ठेक्यात. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तिकडे त्याने मान वर केली, हात सैल सोडले, खोकला, एक लांब श्वास घेतला, आणि इतक्या साध्या आवाजात ‘आलो’ म्हणाला की तुला बाहेर काहीच कळलं नसेल. बाकीची पोरं त्याला घाबरट म्हणत राहिली. हा उठला आणि जेवायला आला. तू त्याला वाढलंस.

मी दाबायचं ते दाबलं, वरही कळवलं, आणि दालनातून धावत बाहेर जाऊन कपाटातला फोन काढून तुला लावला. तुला आठवत असेल, तू विचारलंस की धापा का टाकतोयस, जिने चढलास का. मी विचारलं भोंग्या कुठे आहे. तू म्हणालीस हा काय, समोर बसून अंडं खातोय. व्हिडिओ आदल्या संध्याकाळचा होता. मी तिथेच पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. तुला फोनवर सांगता येईना, तो समोर बसला होता. मेसेज करता येईना, तुझ्या फोनची सगळी कामं तोच करतो, मेसेजही तोच वाचून दाखवतो. म्हणून रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभा राहिलो. मग कंबर, कडी आणि साबण.

आज तू गेल्यावर मी त्याच्या पलंगाशी जमिनीवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. माझं काम, ते दालन, तिथले काळे-पांढरे पडदे, पहिल्या वेळी मी दाबलेलं ‘ठेवा’, गुरुवारचं. तो अंगठ्याने चादर ओढत राहिला. मग पहिलं काय विचारलं असेल? मामा, मी तुला रंगीत दिसलो का. मी नाही म्हणालो. मग तो रडला. पूर्वीचा भोंगा वाजेल म्हणून मी वाट बघत होतो, पण आवाज अजिबात नाही, नुसते खांदे हलत होते, आणि ते मला जास्त सहन होईना. नंतर तुटक तुटक बोलला. नव्या शाळेत डब्याला तो एकटा बसतो. त्या गटात मात्र तो आला की पोरं त्याचं नाव घेऊन आरडाओरडा करतात, उशीर झाला तर विचारतात कुठे होतास. तिथे माझी वाट बघतात, असं म्हणाला. पुन्हा करणार नाही असंही म्हणाला, पण फार पटकन म्हणाला, आणि अशा पटकन म्हणण्यावर मी विसंबणार नाही. आमच्या त्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी तुझ्या भागातल्या मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडून परवा सकाळची वेळ मिळवून दिली. परवाचे तुझे सगळे शिकाऊ रद्द कर. फोन हिसकावून घेऊ नकोस, तो माझा मूर्खपणा आहे, त्याने काय साधतं ते मी मिरचीच्या बाबतीत बघतोय. काय करायचं ते डॉक्टरीणबाई सांगतील. तोवर शेजारी बस. भाऊजींनाही बोलावून घे, त्यांना तू कळव, मला जमणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने मला परत जायचंय, रजा संपली, आणि इथून निघायचं म्हटलं की पायच निघत नाहीये.

पण पत्र लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. ते त्याने सांगितलं. हे तुझ्या आईला कळायला हवं, असं म्हटल्यावर त्याने माझा हात धरला आणि नको नको म्हणायला लागला. मी म्हणालो की हे मी पोटात ठेवू शकत नाही. मग तो म्हणाला, मामा, तूच लिही, मी इथे बसतो, ऐकताना तिचा चेहरा मला बघवणार नाही. तेव्हापासून तो इथे बसलाय. मी काय लिहिलं ते त्याने एकदाही विचारलं नाही. आता आम्ही दोघं चालत येऊन हे तुझ्या काउंटरवर ठेवू आणि तू रस्त्यावरून परत यायच्या आत घरी जाऊ. त्याचं एकच मागणं आहे, ते त्याच्याच शब्दांत कळवायचं कबूल केलंय. तू आलीस की धावत खोलीत येऊ नकोस, रडू नकोस, त्याला कवटाळू नकोस, निदान लगेच नको. गाडीत बसून हवं तेवढं रडून घे. मग घरी ये, हात धू, पानं घे आणि रोजच्यासारखी स्वयंपाकघरातून त्याला जेवायला हाक मार. तो येणार आहे. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय.

तुझाच,
ससुल्या